खुणांची वाट

भग्न नगराकडे जाण्याचे दोन मार्ग असतात. मोटारीचा मार्ग तिकीटघरापाशी संपतो. तेथून कुंपण, माहितीफलक आणि ठरवून दिलेली फेरी सुरू होते. पायवाटेने जाणाऱ्याला नगराची वेस कोठे ओलांडली हे कळतही नाही. शेताच्या बांधात एखादा घडीव चिरा दिसतो. पुढे कुणाच्या परसात स्तंभाचा तुकडा बसायचा ओटा होऊन पडलेला असतो. मग काटेरी झुडपांत कलंडलेली दगडी शवपेटी लागते आणि आपण बराच वेळ नगरातच चालत होतो, याची जाणीव एकाएकी होते. पहिल्या मार्गाने अवशेष पाहता येतात. दुसऱ्या मार्गाने अवशेष आणि त्यांच्या अवतीभोवती अजून चालू असलेले जगणे यांच्यामधली शिवण दिसते. साहित्याचा इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या व्यक्तीला ही शिवण अवशेषांइतकीच महत्त्वाची वाटणे स्वाभाविक आहे. कारण आपल्या अभ्यासविषयाचा कोणता भाग अवशेष झाला आणि कोणता अद्याप जगता आहे, हा प्रश्न तिला कधीच टाळता येत नाही.

तुर्कस्तानच्या नैऋत्येला, फेथिये आणि अंताल्या या दोन आखातांच्या मध्ये, तेके नावाचे द्वीपकल्प भूमध्य समुद्रात शिरलेले आहे. टॉरस पर्वताचे फाटे येथे थेट पाण्यापर्यंत उतरतात. सपाट जमीन नद्यांच्या मुखापाशी असेल तेवढीच. प्राचीन ग्रीक या प्रदेशाला लिकिया म्हणत. होमरच्या ‘इलियड’मध्ये ट्रॉयच्या बाजूने लढणारा सार्पेडोन हा येथला राजा, तो पडल्यावर निद्रा आणि मृत्यू हे जुळे भाऊ त्याचा देह उचलून स्वदेशी नेतात, अशी कथा आहे. येथले लोक मात्र स्वतःला त्रम्मिली म्हणवीत. आपण त्यांना त्यांच्या स्वतःच्या नावाने ओळखत नाही, ग्रीकांनी रूढ केलेल्या नावाने ओळखतो. पुढे सांगायच्या हकिकतीचे बीज या एवढ्याशा गोष्टीतच आहे.

या द्वीपकल्पावरून आज एक लांब पायवाट जाते. तुर्की भाषेत तिला ‘लिक्या योलू’, म्हणजे लिकियाची वाट, असे म्हणतात. केट क्लो या ब्रिटिश महिलेने जुन्या वाटा हिंडून, जोडून तिचा आराखडा केला आणि १९९९ मध्ये ती खुली झाली. फेथियेजवळच्या ओवाजिक गावापासून अंताल्याच्या परिसरापर्यंत तिची लांबी ५०० किलोमीटरांहून अधिक भरते. वाटेवर दगडांवर, झाडांच्या बुंध्यांवर लाल आणि पांढरा असे दोन आडवे पट्टे रंगवलेले असतात. फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या पायवाटांवर रूढ असलेली ही पद्धत आहे. चुकीच्या फाट्यावर लाल फुली असते. एवढी लिपी कळली की पुरे.

या वाटेचे काही टप्पे मी एका वसंतात माझी मुलगी आणि तिची तेरा वर्षांची मुलगी यांच्यासह चालले. सगळी वाट चालण्याचे वय राहिलेले नव्हते आणि तसा हट्टही नव्हता. नात परदेशात वाढलेली. मराठी तिला समजते. उत्तर ती इंग्रजीत देते. देवनागरी अक्षरे ती जोडून वाचते, पण पान पुरे करत नाही. पट्ट्यांची लिपी मात्र तिने पहिल्याच दिवशी आत्मसात केली आणि पुढचे बारा दिवस आम्हां दोघींच्या पुढे राहून ती वाट वाचत गेली.

वाटेच्या आरंभापासून जवळच कायाकोय नावाचे गाव आहे. टेकडीच्या उतारावर एकावर एक चढत गेलेली दगडी घरे, प्रत्येक घराला दार, खिडकी, चूल, कोनाडा; छप्पर कोणालाच नाही. हे अवशेष प्राचीन नव्हेत. येथे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांची नांदती वस्ती होती. १९२३ मध्ये लोझान येथे झालेल्या करारानुसार ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची अदलाबदल केली. कोणी कोठे जायचे हे ठरवण्याची कसोटी भाषा नव्हती, धर्म होता. तेव्हा हे गाव रिते झाले आणि बव्हंशी रितेच राहिले. १९४७ ची आठवण बाळगणाऱ्या देशातल्या माणसाला या घरांतून हिंडताना फारसे स्पष्टीकरण लागत नाही. मला तेथे आणखी एक विचार येत होता. या किनाऱ्यावर दोन सहस्रकांहून अधिक काळ ग्रीक भाषा बोलली, लिहिली, प्रार्थनेत आळवली गेली. तिने येथल्या मूळ भाषेची जागा घेतली होती. आणि अखेर करारावरच्या काही सह्यांनी तिच्याच पिढ्यांनी नांदवलेली घरे मोकळी केली. ज्या भाषेपुढे दुसरी भाषा नाहीशी झाली, तिलाही त्या भूमीचा ताम्रपट मिळालेला नव्हता.

मूळ भाषा कशी नाहीशी झाली याचा विचार करायचा तर लेतोऑन येथे जावे लागते. झान्थोस नदीच्या मैदानात टोमॅटोच्या काचघरांमधून आणि प्लॅस्टिकच्या मांडवांमधून चालत गेले की देवी लेतोचे हे पवित्र क्षेत्र लागते. भूजल वर आल्यामुळे मंदिरांची जोती पाण्यात आहेत आणि पाण्यात बेडूक आहेत. तहानलेल्या लेतोला तळ्याचे पाणी पिऊ न देणाऱ्या लिकियाच्या शेतकऱ्यांना तिने बेडूक करून टाकले, ही ओव्हिडने सांगितलेली कथा. तेव्हा त्या बेडकांना तेथे राहण्याचा पौराणिक अधिकार आहे. येथेच १९७३ मध्ये फ्रेंच उत्खननकर्त्यांना तीन भाषांतला एक शिलालेख सापडला. तो आता फेथियेच्या संग्रहालयात आहे आणि वाटेला लागण्यापूर्वी आम्ही तो पाहून घेतला होता. काळ ख्रिस्तपूर्व चौथे शतक. झान्थोसच्या लोकांनी एका देवतेची नव्याने प्रतिष्ठापना केली, पुजारी नेमला, जमीन दिली, दर महिन्याला एक मेंढा आणि दर वर्षी एक बैल बळी द्यायचे ठरवले: असा व्यवहारी मजकूर. शिळेच्या एका रुंद बाजूवर लिकियन भाषेतल्या ४१ ओळी, दुसऱ्या रुंद बाजूवर ग्रीक ३५ ओळी, आणि अरुंद बाजूवर इराणी साम्राज्याच्या कारभाराची भाषा अरामाईक, तिच्या २७ ओळी.

त्या शिळेपुढे उभे असताना मला अशोकाचा कंदाहारचा लेख आठवला. तो १९५८ मध्ये उजेडात आला; तोही ग्रीक आणि अरामाईक या भाषांत आहे आणि लेतोऑनच्या लेखापासून त्याचे अंतर साधारण शतकभराचे आहे. पण कंदाहारच्या लेखात फक्त दोन मोठ्या भाषा आहेत. लेतोऑनला मोठ्या भाषांच्या जोडीने स्थानिक भाषा उभी आहे, आणि तिच्या ओळी सर्वांत अधिक आहेत. तिने पाहुण्यांसाठी जागा केलेली आहे, स्वतः मात्र ती घरची मालकीण आहे. ही तिची तेव्हाची ऐट होती. पुढे अलेक्झांडर या प्रदेशातून गेला, ख्रिस्तपूर्व ३३४-३३३ च्या हिवाळ्यात. त्यानंतर थोड्याच पिढ्यांत लिकियन लेख कोरले जाण्याचे थांबले.

येथे कोणतीही बंदी आलेली नव्हती. लिकियन लोकांची कत्तल होऊन त्यांची भाषा संपली, असेही घडलेले नाही. कत्तली त्यांच्या इतिहासात होत्याच. इराणी सेनापती हार्पागस चालून आला तेव्हा झान्थोसच्या लोकांनी बायकामुले, दासदासी आणि चीजवस्तू यांना बालेकिल्ल्यात कोंडून आग लावली आणि स्वतः लढत मेले, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. त्या वेळी बाहेरगावी असलेली ८० कुटुंबे तेवढी वाचली. ख्रिस्तपूर्व ४२ मध्ये ब्रूटसच्या फौजेपुढे त्याच नगराने पुन्हा तसेच केले. पण पहिल्या अग्निकांडानंतरही लिकियन भाषा पुन्हा उभी राहिली, नव्हे, तिचे सगळे उपलब्ध लेखन त्यानंतरचेच आहे. ज्या भाषेला आग संपवू शकली नाही ती सोयीमुळे संपली. व्यापार ग्रीकमध्ये, न्यायनिवाडा ग्रीकमध्ये, नाट्यगृहात ग्रीक, मुलांच्या तालमीत ग्रीक. कोणा एका बापाने आपल्या मुलाच्या थडग्यावरचा लेख ग्रीकमध्ये कोरवला, तेव्हा त्याला आपण काही सोडून देत आहोत असे वाटलेही नसेल. शेजाऱ्याने केले तेच त्याने केले. व्यक्तींची लिकियन नावे पुढे शतकानुशतके टिकली. ग्रीक लेखांत ती सापडतात. भाषा गेल्यानंतरही नावे घरात राहतात, हे येथे पाहून मी थोडी अस्वस्थ झाले. माझ्या नातीचे नाव शुद्ध मराठी आहे.

झान्थोसच्या पुढे पातारा. एके काळचे हे थोर बंदर वाळूने बुजून गेलेले आहे. लिकियाच्या नगरसंघाची सभा भरत असे ते सभागृह येथे आहे. स्ट्रॅबोने सांगितले आहे की या संघात २३ नगरे होती. मोठ्या नगरांना तीन मते, मध्यमांना दोन, उरलेल्यांना एक. राज्यशास्त्राचे अभ्यासक त्याबद्दल आदराने बोलतात. माझे मन गुंतले ते १९९३ मध्ये येथे सापडलेल्या दुसऱ्या एका वस्तूत. रोमन सम्राट क्लॉडियसच्या कारकिर्दीत, इसवी सन ४६ च्या सुमारास, लिकिया रोमचा प्रांत झाल्यावर पातारा येथे एक चौकोनी स्मारकस्तंभ उभारला गेला आणि त्यावर प्रांतातल्या रस्त्यांची यादी कोरली गेली: अमुक नगरापासून तमुक नगरापर्यंत इतके स्टेडिया. नंतरच्या पिढ्यांनी तो स्तंभ मोडून त्याचे चिरे भिंतीत घातले. रस्त्यांची यादी अशी भिंतीत चिणली गेली आणि तिच्यात नोंदवलेले रस्ते मात्र बाहेर चालू राहिले. खेचरे चालत होती, मिठाच्या आणि धान्याच्या गोणी जात होत्या, उन्हाळ्यात कळप डोंगरावर चढत होते आणि हिवाळ्यात उतरत होते. यादी हरवल्यामुळे कोणाची वाट चुकली नाही. ती यादीही ग्रीकमध्येच आहे. लिकियनला तिच्यात जागा उरलेली नव्हती.

या वाटांवर खरे संकट आले ते विसाव्या शतकात. मोटारीचा रस्ता झाला, गावे एकेक करून त्याला जोडली गेली, खेचरे गेली आणि वाटांवर झुडपे माजू लागली. लाल-पांढरे पट्टे रंगवण्याची वेळ आली ती त्यानंतर. ज्या वाटेने रोज लोक जातात तिला खुणा लागत नाहीत. खुणा रंगवाव्या लागतात याचा अर्थच असा की पावले कमी झाली आहेत. हे वाक्य मी पाताराच्या वाळूत बसून वहीत लिहिले तेव्हा ते मला वाटेबद्दलचे वाटले होते. रात्री पुन्हा वाचले तेव्हा ते वाटेपुरते राहिले नव्हते. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद मला झाला होता आणि आजही आहे. पण हा दर्जा म्हणजे पट्टा आहे की पाऊल, हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्यामागे लागला.

पाताराहून पुढे कालकानला आलो आणि तेथून जुन्या खेचरवाटेने चढून बेझिर्गानच्या पठारावर गेलो. लिकियाच्या कड्यांत कोरलेली थडगी जगप्रसिद्ध आहेत. त्यांचा विशेष असा की ती दगडात कोरलेली लाकडी घरे आहेत. तुळयांची टोके, आडवी वासे, खाचा घालून बसवलेली चौकट, सगळे दगडात हुबेहूब. भाजे आणि कार्ले येथली लेणी पाहिलेल्या मराठी माणसाला ही तऱ्हा परिचयाची आहे. तेथेही लाकडी बांधणीची स्मृती दगडाने जपली, आणि लिकियाची थडगी व भारतातली चैत्यगृहे यांच्यातल्या साम्याकडे स्थापत्याच्या अभ्यासकांनी फार पूर्वी लक्ष वेधलेले आहे. बेझिर्गानला पाहिले ते निराळे. गावाबाहेर धान्याची लाकडी कोठारे ओळीने उभी आहेत. जमिनीपासून उचललेली, तुळयांची टोके बाहेर काढलेली, लहानशा दाराची. क्षणभर वाटले की थडगी कड्यावरून उतरून पुन्हा लाकडाची झाली आहेत. या सुतारांनी थडग्यांची नक्कल केली असे म्हणण्याचे कारण नाही. डोंगरातल्या लाकडाला हीच बांधणी सोयीची, म्हणून हाताला तीच येत राहिली असावी. लिकियन गेले, ग्रीक आले आणि गेले, भटके पशुपालक युरुक वस्तीला आले. तुळई मात्र त्याच रीतीने खाचेत बसत राहिली. त्या बांधणीला कोणी वारसा म्हटले नव्हते. तिच्यात गहू ठेवायचा होता.

गावच्या कबरस्तानात पागोट्याच्या आकाराचे शिरोभाग असलेले जुने दगड होते. त्यांवरची अक्षरे अरबी वळणाची. आम्ही जेथे उतरलो होतो त्या घरच्या तरुणाने एका दगडाकडे बोट दाखवून सांगितले, हा आमच्या पणजोबांचा असावा. ‘असावा’ कारण १९२८ मध्ये तुर्की भाषेची लिपी बदलली आणि त्याच्या घरात तो दगड वाचू शकणारे कोणी उरले नाही. भाषा तीच, वाचता येत नाही. मला नवल वाटायचे कारण नव्हते. आमच्या घरी मोडी कागदांचे एक बासन आहे. माझ्या आजोबांच्या पिढीला ते पत्र वाचावे तसे वाचता येत असे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतून आणि कचेरीतून गेली. आज ते बासन उलगडायचे तर जाणकार शोधावा लागतो. ते कागद आम्ही फार निगुतीने ठेवले आहेत.

काश हे या किनाऱ्यावरचे सुबक बंदर. प्राचीन नाव अँटिफेलोस. त्याच्या एका चढत्या बाजारगल्लीत, गालिचे आणि दागिने विकणाऱ्या दुकानांच्या मधोमध, उंच जोत्यावर एक दगडी शवपेटी उभी आहे. झाकणावर सिंहांची मुखे. जोत्यावर लेख आहे आणि तो लेख लिकियनच्या एका निराळ्या, अधिक जुन्या वळणाच्या बोलीत आहे. या बोलीतले दोनच मोठे लेख उपलब्ध आहेत: एक हा, दुसरा झान्थोस येथल्या प्रसिद्ध स्तंभावर. दोन्हींत मजकुराचे खंड पाडणारी खूण आहे आणि ते पद्य असावे असे अभ्यासकांचे मत आहे. लिकियन भाषेत कविता उरली असेल तर ती एवढीच, आणि तिचा अर्थ अद्याप पुरता लागलेला नाही. झान्थोसच्या स्तंभावर तिच्या शेजारी बारा ओळींचे एक ग्रीक पद्यही आहे. ते ग्रीक जाणणारा कोणीही आज वाचू शकतो.

बाजारात मी त्या लेखापुढे बराच वेळ उभी होते. आयुष्यभर कवितांचे अर्थ सांगून मी पोट भरले. येथे एक कविता होती, तिचे चरण मोजता येत होते, तिची पुनरावृत्त होणारी अक्षरे ओळखता येत होती, आणि ती मला काही सांगत नव्हती. दुकानदार तिच्या जोत्याला टेकून चहा पीत होता. त्याचे मला वाईट वाटले नाही. कविता लोकांच्या वाटेत आहे, संग्रहालयात नाही, हेच पुष्कळ झाले असे वाटले. पण तिच्या शेजारी बसणाऱ्या कोणाच्याही ओठावर ती नाही, हेही तितकेच खरे होते.

दगडांवरचे उपलब्ध लिकियन लेख दीडशेहून अधिक आहेत. बहुतेक थडग्यांवरचे, आणि त्यांतल्या पुष्कळांचा साचा एकच: हे थडगे अमक्याच्या मुलाने, अमक्याने बांधले; आपल्या बायकोसाठी आणि मुलांसाठी. कोठे पुढे जोडलेले असते की याला कोणी उपद्रव दिला तर इतका दंड, किंवा देव त्याला पाहून घेतील. हे मी नातीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “एवढेच?” होय, एवढेच. या भाषेत आख्याने असतील, अंगाईगीते असतील, भांडणे तर असतीलच. उरले ते बायको, मुलगा, मुलगी, आजोबा, नातवंड, घर, गाय, घोडा, देव आणि दंड हे शब्द. साहित्य आधी गेले आणि नाती मागे राहिली. वाङ्मयाच्या अभ्यासकाने नम्र व्हावे असा हा हिशेब आहे.

त्या शब्दांतला एक मी तिला मुद्दाम सांगितला. लिकियनमध्ये मुलीला ‘क्बात्रा’ म्हणत. कानाला तो अगदी परका वाटतो. पण लिकियन ही भारत-युरोपीय कुळातली भाषा आहे. ध्वनी बदलण्याच्या नियमांनी मागे मागे गेले तर हा शब्द संस्कृतच्या ‘दुहितृ’चा सख्खा भाऊबंद ठरतो. त्याच ‘दुहितृ’पासून जुन्या मराठीतली ‘धू’ आणि कोकणीतली ‘धूव’ आली. मराठीने तो शब्द टाकला. कोकणीत तो आजही रोजचा आहे. इंग्रजीतली ‘डॉटर’ही त्याच घरची. नातीने ते सगळे शब्द एकामागून एक म्हणून पाहिले: क्बात्रा, दुहितृ, धूव, डॉटर. मग आपल्या आईकडे वळून तिने हाक मारली ती ‘आई’ अशी. एरवी ती मारते तशीच. ‘आई’, ‘आजी’ हे तिचे दोन मराठी शब्द कधी इंग्रजी होत नाहीत. मला लिकियाची थडगी आठवली. नात्यांचे शब्द सर्वांत शेवटी जातात, याचा आनंद मानावा की धसका घ्यावा, हे मला ठरवता आले नाही.

काशच्या पूर्वेला आमचा शेवटचा टप्पा होता: आपेर्लाय. मुख्य द्वीपकल्पालाच सिचाक नावाचे आणखी एक लहान द्वीपकल्प फुटलेले आहे. त्याच्या आणि किनाऱ्याच्या बेचक्यात एक अरुंद खाडी आत शिरते आणि तिच्या टोकाशी हे नगर आहे. मोटार तेथे जात नाही. पायी जावे, नाही तर होडीने. शंखगोगलगायीपासून जांभळा रंग काढणे हा या नगराचा उद्योग होता. किनाऱ्यावर त्या शंखांचा चुरा अजून ढिगांनी पडलेला आहे. भूकंपांनी जमीन खचून धक्का आणि किनाऱ्याच्या इमारती पाण्याखाली गेल्या. उतारावर तटबंदी आणि पाण्याच्या काठाने शवपेट्या. काही पेट्यांचे पाय समुद्रात.

डोंगरावरल्या वस्तीतून तेथे उतरायला आम्हांला दोन तास लागले. चुनखडकाचे दगड सुरीसारखे, मधून मधून खुरटे ओक, जंगली ऑलिव्ह आणि थाइमचा वास. अर्ध्या वाटेत पट्टे संपले. रंग उडाला होता की आमच्या नजरेतून सुटला होता, कोण जाणे. नात गोंधळली, तिची लिपी तिला प्रथमच दगा देत होती. तेवढ्यात वरच्या अंगाने घंटांचा आवाज आला आणि शेळ्यांमागून एक वृद्धा उतरत आली. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात काठी. आम्ही नगराचे नाव घेतले. तिने काठीने खाली दाखवले आणि म्हणाली, “योल वार.” वाट आहे. आम्हांला ती दिसत नव्हती. मग तिने काठीचे टोक जमिनीला लावले. दगडांवर झिजेची किंचित चकाकी होती, झुडपांची टोके एका रेषेत खुडलेली होती आणि शेळ्यांच्या लेंड्या पडलेल्या होत्या. एकदा पाहिल्यावर ती वाट पट्ट्यांपेक्षा स्पष्ट होती. आम्ही शेळ्यांच्या मागून खाली उतरलो. पुढे पट्टेही भेटले, त्याच वाटेवर, कारण रंगवणाऱ्यांनीही ती शेळ्यांकडूनच घेतली होती.

खाली पाण्याशी बसून मी माझ्यामागे लागलेल्या प्रश्नाचा विचार केला. पट्ट्यांना कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल. ते नसते तर मी या द्वीपकल्पावर आलेच नसते, आणि या वाटाही आता कदाचित झुडपांखाली गेल्या असत्या. त्यांच्यामुळे चालणारे येऊ लागले, डोंगरातल्या घरांना पाहुण्यांचे उत्पन्न मिळू लागले, काही तरुण गावी राहिले. कोश, संपादित ग्रंथ, अकादम्यांचे संग्रह, अभिजातपणाचे दर्जे ही आपल्या भाषांच्या वाटेवरची रंगरंगोटी आहे आणि ती दर काही वर्षांनी नव्याने करावी लागते. मी स्वतः ते काम केले आहे. हा लेखही त्यातलाच एक पट्टा. परंतु रंगाने काटे हटत नाहीत. पट्टा पाहुण्याला सांगतो की येथून वाट होती. ती आहे की नाही हे शेळ्या ठरवतात, आणि शेळ्यांमागून चालणारी बाई ठरवते, जिला पट्टा कशासाठी असतो हे ठाऊक नाही.

त्या बाईला कोणी वारशाची रक्षक म्हणत नाही. ती दुधासाठी आणि सरपणासाठी जाते. भाषेच्या बाबतीतही बहुधा असेच असते. जी भाषा अभिमानासाठी राखली जाते ती लेतोऑनच्या शिळेसारखी सुंदर उभी राहते. जिच्यातून हिशेब होतो, रागे भरले जाते, औषधाची मात्रा सांगितली जाते, प्रेमाचा तगादा लावला जातो, ती झिजते, वाकते, दुसऱ्या भाषांतून शब्द उचलते आणि पायाखाली राहते. विद्यार्थ्यांना मी आजवर सांगत आले की भाषा जपा. आता मला वाटते की जपण्याचे काम थोड्या जणांवर सोपवून बाकीच्यांनी ती वापरून झिजवावी. झिजेचीच वाट होते.

परतीच्या चढावर नात पुन्हा पुढे होती. पट्टे दिसत होते, पण ती खाली पाहून चालत होती. मध्येच थांबून तिने विचारले, शेळीच्या लेंडीला लेंडीच म्हणतात का, की मेंढीच्या लेंडीला वेगळा शब्द आहे. प्रश्न इंग्रजीत होता आणि त्यातला एकच शब्द मराठी होता, पण तो शब्द तिला माझ्याकडून किंवा कोणत्याही पुस्तकातून घ्यावा लागला नव्हता. वाटेत गरज पडली म्हणून तो तिने आईकडून उचलला होता. मी तिला सांगितले की दोन्हींना लेंडीच म्हणतात, आणि म्हशीचे ते शेण. ते तिने दोनदा म्हणून पाहिले आणि पुढची चढण चढू लागली.